बांधकामावरची माती अन् नाल्यातला गाळ : धूप-गाळ पर्यवेक्षकाचे काम काय असते?





ऊस, खत, पाणीपाळी आणि बिलाचा हप्ता हे विषय सोडून आम्ही या अंकात मुंबईच्या बांधकामाचा विषय का घेतला, असे कुणीही विचारील. त्याला कारण आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील गावागावांतली पोरे आज मुंबईत, पुण्यात बांधकामावर आहेत. कुणी डिप्लोमा करून साइट सुपरवायझर झाला, कुणी मुकादम आहे, कुणी डंपर चालवतो. दुसरे असे, की शेतात मशिन लावून सपाटीकरण, शेततळे, विहीर, गोदाम ही कामे आता आपल्याकडेही बारमाही चाललेली असतात. या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखीच घडते. माती उघडी पडते, पाऊस येतो आणि माती वाहून जाते.

वाहून जाणारी ही माती अडवण्याची जबाबदारी बांधकामावर एका ठरावीक माणसाकडे असावी, असा परदेशात कित्येक वर्षे दंडक आहे. त्या माणसाला धूप व गाळ नियंत्रण पर्यवेक्षक म्हणतात. आपल्याकडे हे पद अजून नीट रुळलेले नाही. त्याचे काम काय, ते का लागते आणि आपल्या शेतकऱ्याला त्यातले काय घेण्यासारखे आहे, हे समजून घेण्यासाठी आम्ही मुंबईतल्या सांताक्रूझचे उदाहरण घेतले आहे. सांताक्रूझचे नाव पावसाच्या आकड्यामुळे देशभर झाले, हे आपणांस आठवत असेल.

सांताक्रूझचा पाऊस एकरात मोजू

दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या हवामान वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी दक्षिण मुंबईतील कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस होता. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला साधा पाऊस आणि दुसऱ्या भागात आभाळ फाटलेले. विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. मुंबईत चारशेच्या वर माणसे गेली.

मिलिमीटरचा हिशेब आपल्या डोळ्यांपुढे लवकर उभा राहत नाही, म्हणून तो एकरात करू. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४ हजार लिटर पाणी होते. ९४४ मिलिमीटर म्हणजे एकरी ३८ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका एकराला ३८० टँकर पाणी, आणि त्यातले बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत कोसळलेले.

आता गटारांची ताकद बघा. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने केलेली होती आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास होऊन १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला. त्याने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितले. म्हणजे एका एकराचे तासाला दोन लाख लिटर पाणी वाहून नेण्याची तयारी. पण ही क्षमता नाला रिकामा असेल तरच मिळते. नाल्याच्या तळात निम्म्यापर्यंत गाळ बसलेला असला तर कागदावरचे ५० प्रत्यक्षात ५० राहत नाहीत. आपल्या पाटचारीचे तरी काय होते? चारी गाळाने भरली की वरच्याचे शेत तुंबते आणि शेपटाकडच्याला पाणीच मिळत नाही.

पाणी जाते कुठून आणि गाळ बसतो कुठे

विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी निघते. ती साकीनाका, मरोळ, विमानतळाचा परिसर, कुर्ला, कलिना आणि वांद्रे-कुर्ला संकुल अशी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. सांताक्रूझ पूर्वेकडचा वाकोला नाला याच मिठीला येऊन मिळतो. पश्चिमेकडचे पाणी वेगळ्या नाल्यांनी थेट समुद्राकडे जाते. त्या बाजूला २०१९ साली गझदरबंध उदंचन केंद्र सुरू झाले. भरतीच्या वेळी नाल्याचे तोंड बंद असले तरी पंपाने पाणी समुद्रात टाकता यावे, ही त्यामागची कल्पना. पण पंप झाला तरी त्याच्यापर्यंत पाणी यायला नाला मोकळा पाहिजे.

२००५ च्या पुराला केवळ गाळ जबाबदार होता असे आम्ही म्हणणार नाही, ते खरे होणार नाही. एवढा पाऊस कोणत्याही गटाराच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यात भर म्हणून नदीच्या पात्रात भराव झाले होते, काठ आवळले गेले होते, विमानतळाजवळ पात्राला वळणे पडली होती आणि खारफुटी कमी झाली होती. जलतज्ज्ञ डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने सत्यशोधन समिती नेमली. तिने २००६ साली अहवाल दिला आणि या सर्व कारणांचा ऊहापोह केला. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही २००५ सालीच स्थापन झाले. तेव्हापासून पात्र रुंद करणे, खोल करणे, भिंती बांधणे आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गाळ काढणे हे चक्र चालू आहे.

या चक्रातली अडचण अशी, की नाल्यात पोचलेला गाळ कुणाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. दहा साइटची माती एकत्र झाली की ती बेवारस होते. मग तिचे वजन काट्यावर करायचे, डंपरच्या खेपा मोजायच्या, फोटो काढायचे, आणि एवढे करूनही वाद राहतोच. २०२५ साली मिठीच्या गाळउपशातील सुमारे ६५ कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराबद्दल मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. त्याचा निवाडा न्यायालय करील, तो आमचा विषय नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जागच्या जागी अडवलेली माती मोजायला सोपी असते. ती आपल्या कुंपणाच्या आत असते, मालक ठरलेला असतो आणि ती परत वापरता येते.

एक मिलिमीटर मातीचे वजन

नाल्यात गाळ अनेक वाटांनी येतो. डोंगरउतारावरची माती, रस्त्यावरची धूळ, वस्त्यांतला कचरा, सांडपाण्यातला मैला, रात्रीत कुणीतरी टाकलेला राडारोडा. पण पावसाळ्यात सर्वांत सैल माती कुठे असते, असे विचारले तर उत्तर सोपे आहे, नुकत्याच खोदलेल्या जागी. मुंबईत जुनी इमारत पाडून नवी उभारण्याची कामे गल्लोगल्ली आहेत. सांताक्रूझच्या खालून मेट्रो-३ चा बोगदा गेला आणि २०२४ साली तिथले स्थानक सुरू झाले. कामे लहान-मोठी असतात, पण प्रत्येकात आधी खड्डा होतो आणि खड्ड्यातली माती बाहेर येते.

एक एकर उघड्या जागेवरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तर माती किती होते? चार घनमीटर. ब्रासच्या मापात जवळजवळ दीड ब्रास, आणि वजनात पाच टनांच्या आसपास. एक मिलिमीटर गेलेला डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही. साइटवरचा माणूस म्हणेल, ‘आमची माती जागेवरच आहे.’ पण पाच टन गाळ गटारात गेलेला असतो.

पानाखालच्या जमिनीवर असे होत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पावसाचा थेंब उघड्या ढेकळावर आदळला की ढेकूळ फुटते, माती उडते, मोकळे झालेले कण पाण्याबरोबर चालू लागतात. आधी पातळ चादरीसारखे पाणी वाहते, मग बारीक ओघळी पडतात, ओघळींचे घळ होतात. पाचट आच्छादन केलेल्या सरीत हे होत नाही, कारण थेंब पाचटावर पडतो, मातीवर नाही. सगळ्या धूप नियंत्रणाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

धूप वेगळी, गाळ वेगळा

पर्यवेक्षकाच्या पदनामात ‘धूप’ आणि ‘गाळ’ असे दोन शब्द आहेत. ते उगीच नाहीत. धूप नियंत्रण म्हणजे माती जागेवरून हलूच न देणे. गाळ नियंत्रण म्हणजे हललेली माती कुंपणाबाहेर जाऊ न देणे. पहिले काम स्वस्त आणि खात्रीचे, दुसरे महाग आणि अर्धवट. हे का, ते आपल्या कारखान्याच्या उदाहरणाने लगेच कळेल.

कारखान्यात उसाचा रस निवळण्यासाठी चुन्याची निवळी घालून, रस तापवून क्लॅरिफायरमध्ये संथ ठेवतात. जड मळ तळाशी बसतो, वरचा निवळ रस पुढे जातो आणि तळाचा मळ गाळून त्याचा प्रेसमड होतो. रसाचा वेग वाढवला तर मळ बसत नाही. बांधकामावरची गाळटाकी याच तत्त्वावर चालते, गढूळ पाणी संथ करायचे आणि माती बसू द्यायची.

पण सगळी माती सारख्या वेगाने बसत नाही. बारीक वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटे घेतो. पोयट्याचा बारीक कण त्याच एका मीटरला तीन तास घेतो. आणि चिकणमातीचा अगदी सूक्ष्म कण घेतो बारा-तेरा दिवस! पावसाळ्यात गाळटाकीत पाणी बारा दिवस कोण थांबवणार? तेव्हा टाकीत वाळू अडते, पोयटा थोडाफार अडतो, चिकणमाती तशीच पुढे जाते. ती अडवायची असेल तर जागेवरच झाकली पाहिजे, दुसरा स्वस्त उपाय नाही.

मापाचाही विचार करा. अमेरिकेत मोठ्या साइटवरच्या गाळटाकीसाठी एकरी ३,६०० घनफूट हे एक प्रचलित माप आहे. आपल्या भाषेत एकरी ३६ ब्रास, म्हणजे सुमारे एक लाख लिटर. सांताक्रूझला पावसाळ्यात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. त्या दिवशी एकरावर चार लाख लिटर पाणी पडते. ते सगळे वाहून आले तर परदेशी मापाची टाकी चार वेळा भरून वाहील. म्हणून पुस्तकातला आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही. आपल्या पावसाचा हिशेब करणारा माणूस जागेवर लागतो.

पर्यवेक्षक रोज काय करतो

समजा, वाकोल्याला एक एकराची साइट आहे. जुनी इमारत पाडली आहे, तळघरासाठी खोदाई चालू आहे आणि पावसाळा तोंडावर आला आहे. अशा ठिकाणी पर्यवेक्षकाची कामे अशी असतात:

(१) काम सुरू होण्याआधी जागेचा उतार बघणे. पाणी कुठून येते, कुठून बाहेर जाते, जवळचे गटार कोणते, ते कोणत्या नाल्याला मिळते, याचा साधा नकाशा काढणे. बाहेरचे स्वच्छ पाणी साइटवर येऊच नये म्हणून वरच्या अंगाला चर किंवा वरंबा घालून ते वळवणे. स्वच्छ आणि गढूळ पाणी एकत्र झाले की सगळेच गढूळ होते.

(२) एकदम सगळी जागा उघडी न पाडता लागेल तेवढीच उकरायला लावणे. कामाचे टप्पे पावसाच्या वेळापत्रकाशी जुळवणे. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा उतार कापायला घेणे म्हणजे रोहिणीत बी पेरून ठेवल्यासारखे धाडस आहे.

(३) मातीचे ढीग गटारापासून आणि फाटकापासून लांब ठेवणे, ताडपत्रीने झाकणे, पायथ्याला गोण्यांचा बांध घालणे. जे उतार काही आठवडे तसेच राहणार त्यांच्यावर काथ्याची चटई, पेंढा किंवा गवत. वाळ्याच्या मुळ्या माती चांगली धरतात, हे आपल्या बांधावर आपण बघतोच.

(४) खालच्या अंगाला गाळ अडवणारे कापडी कुंपण उभे करणे. हे कापड नुसते खुंट्यांना बांधून भागत नाही. त्याची खालची कड चर खणून मातीत गाडावी लागते, नाहीतर पाणी खालून निघून जाते. आणि कुंपण समपातळीतच पाहिजे. उतारावर आडवेतिडवे घातले तर पाणी एका कोपऱ्यात जमून तिथेच फोडते. ताल फुटते ती अशीच.

(५) तळघराच्या खड्ड्यात साठलेले पाणी. मुंबईच्या साइटवरची ही सर्वांत मोठी भानगड आहे. पंपाचा फूटव्हॉल्व्ह खड्ड्याच्या तळाशी टेकवला की तो पाण्याबरोबर चिखल ओढतो आणि पाइप गटारात सोडलेला असतो. पर्यवेक्षक फूटव्हॉल्व्ह रिकाम्या पिंपाला टांगून वरच्या थरातले निवळ पाणी उपसायला लावतो आणि ते आधी गाळटाकीत सोडतो. विहिरीवर मोटर बसवणाऱ्याला यात नवीन काही नाही.

(६) फाटकाजवळ खडीचा पट्टा आणि चाके धुण्याची जागा. डंपरच्या चाकाला लागलेला चिखल रस्त्यावर सांडतो, वाळून धूळ होतो आणि पुढच्या सरीला गटारात जातो.

(७) सिमेंट-काँक्रीटचे धुण्याचे पाणी वेगळ्या खड्ड्यात घेणे. त्यात चुन्यासारखा क्षार असतो. ते गाळटाकीत किंवा नाल्यात जाता कामा नये.

(८) गाळटाकी आणि कुंपण वेळच्या वेळी रिकामे करणे. टाकी निम्मी भरली की तिची निम्मी ताकद गेली. पुष्कळ साइटवर टाकी असते, पण ती पहिल्या महिन्यात काठोकाठ भरते आणि मग तिच्यावरून गढूळ पाणी सरळ निघून जाते. टाकी बांधल्याचा फोटो मात्र फायलीत असतो.

या सर्वांहून महत्त्वाचे काम म्हणजे फेरी आणि नोंदवही. अमेरिकेतल्या केंद्रीय नियमानुसार अशा साइटची तपासणी दर सात दिवसांनी करावी लागते, किंवा दर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्यावर २४ तासांच्या आत. सांताक्रूझला जुलैत सहा मिलिमीटर पाऊस दिवसाआड नव्हे, दिवसातून दोनदाही होतो. तेव्हा इथे फेरी रोजचीच पाहिजे. फेरीत काय बघितले, कुठे फुटले होते, कुणाला दुरुस्तीला सांगितले आणि ते कधी झाले, एवढे चार रकाने नोंदवहीत भरले तरी पुरे. साइटवर एक साधे पर्जन्यमापक नळकांडे असले म्हणजे त्या दिवशीचा पाऊसही लिहिता येतो.

अधिकार नसेल तर पद कशाला

आता नाजूक मुद्दा. साइटवर घाई असते. खोदाईचा ठेकेदार खेपेवर पैसे घेतो. काम थांबले की पोकलेनचे भाडे चालूच राहते. अशा वेळी पर्यवेक्षकाने ‘आज वरचा उतार कापू नका, आधी खालचे कुंपण दुरुस्त करा’ असे सांगितले तर त्याचे कोण ऐकणार? तो ठेकेदाराच्याच पगारावर असेल तर त्याचा शब्द वाऱ्यावर जातो. म्हणून या पदाला तीन गोष्टी लागतात: शिक्षण, नाव आणि काम थांबवण्याचा लेखी अधिकार.

परदेशात हे एका दिवसात झाले नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याने १९७३ साली बांधकामाच्या गाळाचा स्वतंत्र कायदा केला. केंद्रीय जलप्रदूषण कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली, १९९० च्या नियमांनी पाच एकरांवरच्या साइटना परवाना लागू केला आणि २००३ पासून ती मर्यादा एक एकरावर आली. मेरीलँड राज्यात तर साइटच्या जबाबदार माणसाला प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. म्हणजे चूक झाली तर ‘कोण जबाबदार’ हा प्रश्न उरत नाही, नाव आधीच लिहिलेले असते.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असे नव्हे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. २०१६ साली बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याचे नियम आले. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा बिघडली तेव्हा महापालिकेने बांधकामांना उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे आणि गाड्यांची चाके धुणे सक्तीचे केले. हे चांगलेच झाले. पण या हुकमांत डोळा आहे तो हवेतल्या धुळीवर. फवाऱ्याने बसवलेली धूळ आणि चाके धुतलेले पाणी पुढे कुठे जाते? गाळटाकी नसेल तर सरळ गटारात. हवेतली माती पाण्यात घातली एवढाच फरक! म्हणून धुळीचा आणि गाळाचा हिशेब एकाच माणसाने बघितला पाहिजे.

प्रत्यक्षात आज हे काम सेफ्टी ऑफिसर, पर्यावरण अधिकारी आणि साइट सुपरवायझर यांच्यात वाटले जाते, आणि वाटलेले काम पुष्कळदा कुणाचेच राहत नाही. लहान साइटवर तर यातले एकही पद नसते. तिथे खरा पर्यवेक्षक म्हणजे मुकादम. त्याला दोन दिवस शिकवून, वही देऊन, ‘पाणी गढूळ जाताना दिसले तर काम थांबव’ एवढा अधिकार दिला तरी निम्मे काम होईल असे आम्हांस वाटते. खर्चाचे म्हणाल तर गोण्या, कापड, पेंढा आणि एका माणसाचा पगार. नाल्यातून गाळ उपसून, लादून, शहराबाहेर नेऊन टाकण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. फक्त एक खर्च बिल्डरच्या खिशातून जातो आणि दुसरा सगळ्या शहराच्या. म्हणून पहिला करायला कुणी आपणहून पुढे येत नाही.

हे आपल्याला नवीन नाही

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. जमीन सुधारणा योजनांचा मुंबई कायदा १९४२ चा आहे. त्यानंतर बांधबंदिस्तीची कामे सोलापूर, नगरकडच्या कोरडवाहू भागात गावोगाव झाली. १९७२ च्या दुष्काळात तर लाखो हातांनी ताली घातल्या. त्या कामावर रेषा आखून देणारा, बांधाची उंची आणि सांडव्याची जागा ठरवणारा जो खात्याचा माणूस असे, तोच आपला धूप नियंत्रण पर्यवेक्षक. पुढे पाणलोट क्षेत्राच्या कामात ‘माथा ते पायथा’ हे सूत्र आले. आधी वरचे ओघळ अडवा, मग खालचा नाला बांधा. मुंबईत नेमके उलटे चालले आहे. पायथ्याला नाला उपसायचा आणि माथ्यावर, म्हणजे साइटवर, कुणी बघायचे नाही.

तेव्हा आमच्या सभासदांना, आणि त्यांच्या बांधकामावरच्या मुलामुलींना, आमचे नम्र सांगणे असे:

बांधकामावर असलेल्या पोरांनी ही विद्या जरूर शिकावी. ज्याने लहानपणी बापाबरोबर सरीला पाणी दिले आहे, चारी फुटली की खोऱ्याने माती ओढली आहे, त्याला पाणी कुठे वळेल हे पुस्तकाशिवाय दिसते. त्याला नोंदवही, नकाशा आणि नियम यांची जोड दिली की तो साइटवर नावाने ओळखला जाईल. मोठ्या प्रकल्पांवर अशा माणसांची गरज वाढणार आहे, हे ध्यानात घ्यावे.

घरी मशिनचे काम काढणाऱ्यांनी सपाटीकरण, शेततळे, रस्ता ही कामे मेअखेर पुरी होतील अशा बेताने धरावीत. पुरी होत नसतील तर उघडा उतार पाचटाने झाकावा, खालच्या बांधाला सांडवा ठेवावा आणि सांडव्याला दगडाचे पिचिंग करावे. विहिरीचा मलबा ओढ्याच्या काठावर टाकू नये, पहिल्याच पुरात तो शेजाऱ्याच्या चारीत जाऊन बसतो आणि भांडणे होतात.

गाळाबद्दल एक इशारा. २०१७ पासून शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून पुष्कळांनी तलावातला गाळ शेतात टाकला आणि हलक्या जमिनीला त्याचा फायदाही झाला. पण तो गाळ म्हणजे वरच्या शेतांतून आलेली माती असते. शहराच्या नाल्यातला गाळ तसा नसतो. त्यात सांडपाणी, तेल, सिमेंट, प्लॅस्टिक आणि कारखान्यांतले काय काय मिसळलेले असते. कुणी फुकट आणून देतो म्हटले तरी माती परीक्षण झाल्याशिवाय असला गाळ उसात घालू नये.

आणि शेवटचे. आपल्या कुठल्याही सहकारी संस्थेचे नवे बांधकाम निघाले, मग ते गोदाम असो, शाळा असो की कारखान्याच्या आवारातला नवा विभाग असो, तर सभेत अंदाजपत्रक वाचले जाते तेव्हा सभासदांनी एक प्रश्न विचारावा. ‘पावसाळ्यात या जागेची माती अडवायला कोणत्या माणसाचे नाव लिहिले आहे आणि त्याची वही कोण तपासणार?’ नाव नसेल तर ते तिथल्या तिथे लिहून घ्यावे. सांताक्रूझच्या एका एकराचा हिशेब आम्ही वर दिला आहे. तोच आपल्या जागेला लावून बघावा.